नऊ दिवसांचा बाजार आणि जुन्या दगडांची देखभाल

मुंबईच्या फोर्टातला काळा घोडा १९६५ साली आपल्या जागेवरून हलला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत जाऊन उभा राहिला. घोड्यावर बसलेले गृहस्थ म्हणजे इंग्लंडचे युवराज, पुढे सातवे एडवर्ड झालेले. १८७५-७६च्या त्यांच्या हिंदुस्थान भेटीची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी शिल्पकार जोसेफ एडगर बोम यांच्याकडून हा पुतळा घडवून घेतला. १८७९ साली तो बसला. शहरातल्या लोकांनी युवराजांकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्यांना दिसला तो काळपट धातूचा घोडा, आणि त्याचंच नाव चौकाला पडलं. पुतळा गेला, जागेवर मोटारी उभ्या राहू लागल्या, तरी टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ एवढं सांगितलं की पुरत असे.

बाजारही भरवणाऱ्या आणि जुन्या वास्तूही राखणाऱ्या एका संस्थेने हेच नाव घेतलं. काळा घोडा असोसिएशनची स्थापना ३० ऑक्टोबर १९९८ची. दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस नऊ दिवस रॅम्पार्ट रोवर जी गर्दी उसळते, ती याच संस्थेच्या महोत्सवाची. गर्दी सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागचा हेतू मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो, म्हणून हा इतिहास त्या हेतूपासून सांगायला हवा.

रॅम्पार्ट रो म्हणजे तटाची वाट. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर नवं शहर उभं राहिलं. आज या रस्त्याचं अधिकृत नाव के. दुभाष मार्ग. त्याच्या एका टोकाला उभं राहून नजर फिरवली, तर मुंबईच्या बौद्धिक आयुष्याचा केवढा तरी भाग पायी पाच-सात मिनिटांच्या अंतरात सापडतो.

डेव्हिड ससून ग्रंथालय घ्या. टांकसाळ आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या कारागीर-तंत्रज्ञांनी १८४७ साली स्थापन केलेल्या ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’पासून त्याची सुरुवात झाली. आजची इमारत १८७०ची. कामगारांनी वाचनासाठी एकत्र यावं आणि त्यातून असं दगडी ग्रंथमंदिर उभं राहावं, ही गोष्ट मुंबईने अभिमानाने सांगावी अशीच आहे. शेजारी एल्फिन्स्टन कॉलेज आहे, १८८८ साली पूर्ण झालेलं. त्यासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांची देणगी होती आणि उभारणीत खानबहादूर मंचेरजी मर्झबान यांचा हात होता. पलीकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. १९०५ साली त्याची पायाभरणी झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, आणि संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १९२२ साली. संग्रहालयाचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांचंच काम असलेला सर कावसजी जहांगीर हॉल समोर आहे. १९९६पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे.

आणि जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२च्या जानेवारीत मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. त्याआधी मुंबईत चित्रकाराला आपलं काम लोकांसमोर मांडायला धड जागा नव्हती. १९४७ साली आरा, सूझा, रझा, हुसेन, बाक्रे आणि गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, तेव्हाची ही परिस्थिती. जहांगीर आली आणि ती बदलली. ज्यांना आत दालन मिळालं नाही, त्यांनी बाहेरच्या पदपथावर चित्रं लावायला सुरुवात केली. कुंपणाला टेकवलेलं चित्र, शेजारी चित्रकार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी थेट भावाची बोलणी: महोत्सव सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून या रस्त्याला कलेच्या बाजाराची सवय होती.

एवढं वैभव असून या भागाची अवस्था नव्वदीच्या दशकात चांगली नव्हती. कारणं सरळ आहेत. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी १९४०च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूला संरक्षण मिळालं आणि ते गरजेचंही होतं, पण इमारतीच्या डागडुजीला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न मालकाने आपल्यापुरता सोडवला: डागडुजी थांबवली. वॉटसन हॉटेलचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बिडाच्या सांगाड्यावर उभारलेल्या या इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला. हीच इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन या नावाने लहान लहान कार्यालयांत विभागली गेली. २००५ साली तिच्या दर्शनी भागाचा तुकडा कोसळून एकाचा जीव गेला, आणि त्याच वर्षी जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातल्या शंभर स्थळांच्या यादीत तिचं नाव आलं. ज्या इमारतीत देशाने सिनेमा पहिल्यांदा पाहिला, ती अशा बातमीने लोकांपुढे यावी याचं दुःख वाटल्याशिवाय राहत नाही.

१९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. भारतातल्या शहरांत अशा प्रकारचा हा पहिला प्रयत्न मानला जातो. इमारतींना श्रेणी मिळाल्या, आणि सुट्या वास्तूंबरोबर अख्खे परिसर जपण्याची कल्पनाही कागदावर आली. पण नियम सांगतो ते काय करू नये हे. पदपथाची उखडलेली फरशी कोणी बसवायची, बंद पडलेल्या घड्याळाचे काटे कोणी फिरवायचे, याला नियमावलीत उत्तर नसतं. अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट ही वास्तुरचनाकारांची संस्था त्या काळात फोर्ट भागाचा अभ्यास करत होती. इतकी दालनं, संग्रहालयं आणि ग्रंथालयं एका जागी आहेत, तर या भागाला ‘कला-परिसर’ म्हणून ओळख द्यावी, ही कल्पना त्या मंडळींच्या चर्चांतून पुढे आली. परिसरातल्या संस्था, दालनचालक, व्यावसायिक आणि वास्तुरचनाकार एकत्र आले, आणि त्यातून असोसिएशन उभी राहिली.

आता पैसा. सरकारी अनुदानाची वाट पाहायची, की श्रीमंतांच्या दारोदार जायचं? असोसिएशनने तिसरा मार्ग धरला. रस्ता हीच आपली मालमत्ता, तर रस्त्यावरच लोकांना बोलवायचं. काही दिवस मोटारी बंद ठेवायच्या, कारागिरांना जागा द्यायची, गाणं-नाटक-नाच-कविता फुकट दाखवायची, आणि प्रायोजक व स्टॉलभाडं यांतून उरेल ते परिसराच्या देखभालीला लावायचं. १९९९ साली पहिला महोत्सव झाला.

महोत्सवाची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. दृश्यकला, संगीत, नृत्य, नाटक, चित्रपट, साहित्य, मुलांचे कार्यक्रम, नगररचना आणि वास्तुकला, वारसा सहली, खाद्य असे विभाग असतात, आणि प्रत्येक विभागाची जबाबदारी त्या क्षेत्रातली माणसं मानधनाची अपेक्षा न ठेवता उचलतात. कार्यकारिणीही मानद. चित्रकार ब्रिंदा मिलर यांनी या महोत्सवाची धुरा अनेक वर्षं वाहिली, आणि रस्त्यावरच्या मांडणीला त्यांच्या रंगांच्या जाणिवेचा स्पर्श झाला हे कोणालाही दिसेल. त्यांच्या हाताखाली महाविद्यालयीन मुलामुलींची फौज असते. गळ्यात ओळखपत्र अडकवून ही मुलं रांगा लावतात, वाट चुकलेल्यांना ग्रंथालयाच्या बागेकडे पाठवतात, लेखकाला पाण्याची बाटली नेऊन देतात, रात्री खुर्च्या उचलतात. वर्गात जे शिकवता येत नाही ते नऊ दिवसांत त्यांच्या पदरात पडतं.

कार्यक्रमांच्या जागाही परिसरातल्याच. डेव्हिड ससून ग्रंथालयामागच्या बागेत साहित्याचा विभाग बसतो. एरवी सभासदांनाच ठाऊक असलेली ही हिरवी जागा, तिथे या दिवसांत कोणीही येऊन कवी ऐकावा. मॅक्सम्युलर भवन, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचं सभागृह, वस्तुसंग्रहालयाची हिरवळ, हॉर्निमन सर्कलची बाग, एशियाटिकच्या पायऱ्या, क्रॉस मैदान... महोत्सव जसा वाढला तसा तो काळा घोड्याच्या चौकातून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे पसरला. वारसा सहलींचं मोल याहून वेगळं आहे. गोथिक कमानीखालून रोज कामावर जाणाऱ्या माणसाला कोणीतरी थांबवून सांगतं की हा दगड मालाडचा, ही नक्षी जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची. नंतर तो माणूस त्या कमानीकडे पूर्वीसारखा पाहत नाही.

बाजाराबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण टीकेचा रोख बहुतेकदा त्याच्यावर असतो. ‘कलामहोत्सव कसला, ही तर जत्रा’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. जत्रा आहे हे खरंच, आणि त्यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रात देवळाचा जीर्णोद्धार जत्रेच्या उत्पन्नातून करण्याची रीत जुनी आहे. इथे देवळाच्या जागी एक अख्खी वस्ती आहे, एवढंच. रॅम्पार्ट रोच्या दोन्ही बाजूंना स्टॉल लागतात तेव्हा मातीची भांडी, हातमागाची वस्त्रं, कागदी वस्तू, धातूचे दागिने, वारली आणि मधुबनी चित्रं एका ओळीत येतात. स्टॉलसाठी अर्ज मागवले जातात, त्यांची छाननी होते, आणि हाताने घडवलेल्या वस्तूला प्राधान्य मिळावं असा आग्रह असतो. सामाजिक संस्थांचेही स्टॉल असतात. विक्री तर महत्त्वाची आहेच, पण गिऱ्हाईक थेट भेटतं ही त्याहून मोठी गोष्ट. दुकानाच्या मधल्या साखळीत कारागिराचं नाव हरवतं. इथे विणणारा किंवा रंगवणारा स्वतः समोर उभा असतो आणि ‘हे कसं केलं?’ या प्रश्नाला स्वतःच उत्तर देतो.

तरीही टीकेत तथ्य अजिबात नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. गर्दी वाढली तशी प्रायोजकांची नावंही मोठी झाली. रस्त्याच्या मधोमध उभारलेल्या कलाकृती पाहायला येणाऱ्यांपेक्षा त्यांच्यापुढे उभं राहून छायाचित्र काढणारे अधिक झाले. शनिवार-रविवारी संध्याकाळी पाऊल टाकायला जागा नसते, आणि ज्येष्ठ नागरिकांना तिथून मागे फिरावं लागतं. लोकांसाठी उघडलेल्या रस्त्यावर लोकांनाच श्वास घेता येऊ नये हा पेच खरा आहे. कार्यक्रम मैदानांवर आणि बागांत विखुरणं हा त्यावर निघालेला एक उपाय. दुसरा पेच आवाजाचा. ध्वनिप्रदूषण नियम २०००मध्ये आले. शाळा, न्यायालयं, रुग्णालयं यांच्याभोवतालचं शांतता क्षेत्र आणि रात्री दहाची मर्यादा या दोन्ही गोष्टी फोर्टसारख्या भागात ध्वनिवर्धकाला फार मोकळीक देत नाहीत. महापालिका, पोलीस, वाहतूक शाखा, वारसा समिती, अग्निशमन दल या सगळ्यांच्या परवानग्या दरवर्षी नव्याने मिळवाव्या लागतात. प्रेक्षकाला नऊ दिवस दिसतात, तर स्वयंसेवकांचं काम कित्येक महिने आधी सुरू झालेलं असतं.

नोव्हेंबर २००८मध्ये दहशतवादी हल्ल्याने दक्षिण मुंबई हादरली. लिओपोल्ड कॅफे आणि ताजमहाल हॉटेल काळा घोड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अशा वेळी फेब्रुवारीत हजारो माणसांना उघड्या रस्त्यावर बोलवायचं का, हा प्रश्न साधा नव्हता. महोत्सव झाला. लोक आले, रांगेत तपासणी करून घेऊन आले, आणि नेहमीसारखं गाणं ऐकून, मातीचा कप विकत घेऊन घरी गेले. संस्थेच्या आयुष्यातला हा निर्णय महत्त्वाचा होता. रस्ता मोकळा ठेवायचा की भीतीपोटी बंद करायचा, याचं उत्तर त्या वर्षी लोकांनीच दिलं.

काळा घोड्याच्या चौकाचं आणखी एक रूप मराठी वाचकाला ठाऊक असतं. कवी अरुण कोलटकर रॅम्पार्ट रोवरच्या वेसाइड इनमध्ये बसत, गुरुवारी मित्रांचा अड्डा जमत असे. तिथून दिसणाऱ्या त्रिकोणी चौकावर, तिथल्या पदपथावर जगणाऱ्या माणसांवर आणि सकाळच्या इडलीच्या भोवती जमणाऱ्या मंडळींवर त्यांनी इंग्रजीत कविता लिहिल्या. ‘काळा घोडा पोएम्स’ हा संग्रह २००४ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी आला. कोलटकरांनी ज्यांना पाहिलं ती माणसंही या परिसराचा वारसाच आहेत, आणि दगडांच्या जपणुकीत त्यांचा विसर पडू नये. वेसाइड इन पुढे बंद झालं. जहांगीरमधलं समोवार उपाहारगृह २०१५ साली, तर रिदम हाऊस हे संगीताचं जुनं दुकान २०१६ साली बंद झालं. इमारतीचा दर्शनी भाग दुरुस्त करता येतो. त्या इमारतीत चालणारं आयुष्य भाड्याच्या आणि बाजारभावाच्या हिशेबात टिकवणं असोसिएशनच्या हातात नव्हतं, आणि तसा दावाही कोणी करू नये.

जे हातात होतं ते मात्र नीट झालं. त्यातली दोन कामं काळा घोड्याच्या हद्दीबाहेरची, फोर्टच्या दाट बाजारपेठेतली. पहिलं काम बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मनोरा आणि कारंजं यांचं. किल्ल्याच्या जुन्या बझार गेटची आठवण सांगणाऱ्या रस्त्यावर, आजच्या पेरीन नरिमन मार्गावर, १८८२ साली हा मनोरा उभा राहिला. शिक्षणासाठी झटलेल्या एका पारशी सद्गृहस्थाची ती स्मृती. प्राचीन इराणी धाटणीची शिल्पं आणि पारशी अग्यारीची आठवण करून देणारी मांडणी असलेलं असं घड्याळ मुंबईत दुसरं शोधून सापडायचं नाही. फेरीवाले, हातगाड्या आणि फलकांच्या गर्दीत ते कित्येक वर्षं हरवलं होतं. संवर्धन वास्तुरचनाकार विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली असोसिएशनने त्याच्या जीर्णोद्धाराचं काम केलं, आणि २०१७ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला.

दुसरं काम रतनसी मुळजी जेठा कारंज्याचं. कापसाच्या व्यापारातल्या रतनसी मुळजींनी आपल्या अकाली गेलेल्या एकुलत्या मुलाच्या, धरमसीच्या स्मरणार्थ १८९४ साली हे कारंजं मिंट रोडवर बांधलं. वर पुस्तक वाचत बसलेला मुलगा आणि खाली तहानलेल्या शहरासाठी पाणी. रचना फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणाऱ्यांची, आणि सोबत जे. जे. कला शाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांचा हात. नळ घरोघरी पोचण्याआधीच्या काळात या शहरातल्या धनिकांनी रस्त्यावर प्याऊ बांधले. वाटसरूला, हमालाला, घोड्या-बैलांना पाणी मिळावं ही त्यामागची भावना. पुढे प्याऊंचं पाणी आटलं आणि ते कचऱ्याच्या आडोशाला गेले. महापालिकेला सोबत घेऊन असोसिएशनने या कारंज्याचं काम तडीस नेलं. २०१८च्या युनेस्को पुरस्कारांत त्यालाही सन्मानपूर्वक उल्लेख मिळाला.

ही दोन कामं या इतिहासात सर्वांत मोलाची मानावी लागतील. संगीताची मैफल किंवा रस्त्यावरची भव्य मांडणी नऊ दिवसांनी उतरते. मिंट रोडवरून ओझं घेऊन जाणारा हमाल महोत्सवाला कधी आला नसेल, पण त्याच्या रोजच्या वाटेवरची वास्तू सुधारली. कलेच्या नावाने जमलेला पैसा कलाप्रेमींच्या चौकाबाहेर, माल उतरवण्याच्या गल्लीत गेला, यात असोसिएशनच्या कामाचा खरा आवाका दिसतो.

२०१७च्या जानेवारीत चौकात पुन्हा घोडा आला. वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांची संकल्पना, शिल्पकार श्रीहरी भोसले यांचं काम. चौथऱ्यासह सुमारे २५ फूट उंचीच्या या शिल्पात पाठीवर स्वार नाही. जुना पुतळा परत आणावा की नवा उभारावा यावर मतं अनेक होती. युवराजाशिवायचा घोडा उभा करण्याचा निर्णय योग्य वाटतो, कारण चौकाचं नाव लोकांनी घोड्यावरूनच ठेवलं होतं.

२०२०च्या फेब्रुवारीतला महोत्सव आटोपला आणि सुमारे दीड महिन्यात कोविडच्या टाळेबंदीने शहर बंद झालं. पुढची दोन वर्षं रॅम्पार्ट रोवर मांडव पडला नाही. ज्या कारागिरांचं वर्षाचं गणित असल्या आठ-दहा प्रदर्शनांवर बसवलेलं असतं, त्यांना याची झळ सर्वांत आधी लागली. फोनच्या पडद्यावर कविता ऐकता येते, पण मातीचं भांडं हातात घेऊन त्याचं वजन पाहता येत नाही. ४ फेब्रुवारी २०२३ला महोत्सव रस्त्यावर परतला, आणि २० ते २८ जानेवारी २०२४ या दिवसांत पंचविसावा महोत्सव भरला. २०२५चा महोत्सव २५ जानेवारीला सुरू झाला.

स्थापनेच्या वेळी तिशीत असलेली माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत, आणि त्या काळी खुर्च्या उचलणारी काही मुलं आज स्वतःच्या कार्यालयांत बसून एखाद्या विभागाचं काम पाहू शकतील अशा वयाची झाली आहेत. कामाची यादी मात्र लांबच आहे. एस्प्लनेड मॅन्शन २०१९ साली रिकामी झाली, पण तिच्या भवितव्याचा प्रश्न तिथेच राहिला. फोर्टातले कितीतरी प्याऊ अजून कोरडे आहेत. पदपथावरच्या चित्रकारांना पावसाळ्यात आडोसा हवा आहे, रॅम्पार्ट रोवर चालणाऱ्यांना वर्षाचे बाकीचे दिवसही मोटारींपासून थोडी मोकळीक हवी आहे, आणि पुढच्या महोत्सवाचे स्टॉल-अर्ज छाननीच्या टेबलावर येण्याआधी वाहतूक शाखेकडे नव्या वर्षाचा परवानगीचा कागद जायचा आहे.